देव्हाऱ्यातल्या पाट्या

धर्मराज मास्तरांच्या नाकावर राग असे, आणि नाक तसं लांबच होतं. दिंद्रुडच्या बाजाराला निघाले तर वाटेतल्या कुत्र्यालाही दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे जात नाहीत, असं लोक म्हणत. पोरांवर मात्र त्यांनी कधी हात उचलला नाही. छडी त्यांच्यापाशी नव्हतीच. तोंड होतं, आणि तेवढं पुरत होतं.

आता हा राग आला कुठून, तर त्यालाही मूळ होतं. गाव घाटनांदूर, बापाचा धंदा शिंप्याचा. बापानं हौसेनं पोराला पंतोजीकडे घातलं. पंतोजी ओसरीवर डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, पोरं मागून म्हणायची. बाराखडी म्हटली, स्तोत्रं म्हटली, पावकी-निमकी म्हटली, सगळं पाण्यासारखं पाठ. कुणी गिऱ्हाईक आलं की बाप हातातला कपडा खाली ठेवून पोराला उभं करी आणि म्हणून दाखवायला लावी. केवढं कौतुक होतं त्याला! मग एकदा चावडीच्या भिंतीवर मराठीतला सरकारी इश्तिहार लागला. कुणीतरी म्हणालं, शिंप्याचं पोरगं शिकलेलं आहे, त्याला वाचू द्या. पोरगं पुढे झालं, कागदाकडे बघत उभं राहिलं, आणि त्याला कळलं की यातलं एकही अक्षर आपल्याला ओळखता येत नाही. इतकी वर्षं नुसता पोपट केला होता त्याचा. लोक पोट धरून हसले. बाप हसला नाही. त्यानं मान खाली घातली आणि पोराला हाताला धरून घरी नेलं. बापाची ती खाली गेलेली मान धर्मराजच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही. पुढे मोमिनाबादला जाऊन, लोकांच्या ओसरीवर झोपून त्यानं पहिल्यापासून अक्षरं शिकली, उर्दू शिकला आणि निजाम सरकारच्या शाळेत मास्तर झाला. पण पाठांतराबद्दलचा संताप डोक्यात बसला तो बसलाच.

आणि डोक्यात संताप घेऊन नोकरी करणाऱ्याला सरकार एका जागी ठेवतं होय? मास्तर वरच्यांशी भांडत आणि बदली घेत. या गावाहून त्या गावाला असं करत करत ते शेवटी दिंद्रुडपासून कोसभर आत, माळावरच्या बोरीच्या वाडीला येऊन पडले. वाडी सगळी धनगरांची. माणसांपेक्षा मेंढरं जास्त. इथे कुणी मास्तर टिकत नाही म्हणून यांना पाठवलं होतं.

बिरोबाच्या देवळापुढे एक छप्पर होतं, तीच शाळा. सरकारनं डझनभर दगडी पाट्या दिल्या, पेन्सिली दिल्या, एक फळा दिला आणि वर एक अटही दिली. वर्षभर शाळा चालवून बघायची. मग मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याच्या शाळा तपासणारे अंमलदार, मुआयन्याला येतील. ते सांगतील ते शब्द पोरांनी पाटीवर लिहून दाखवले तर शाळा वाडीला कायम. नाही दाखवले तर शाळा उचलून खालच्या गावात.

खालच्या गावात तिची वाट बघत माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे पाटील, बसलेच होते. अर्जुनराव त्यांचं नाव. नदीकाठची काळी जमीन त्यांची, आणि मेंढरं बसवायला धनगरांनी त्यांच्याच रानात यायचं. पाटलांचं म्हणणं असं की धनगराची पोरं शिकून मेंढरांना काय पोथी वाचून दाखवणार आहेत? त्यांच्या हाताला काठी बरी. म्हणजे स्वतःची गुरं वळायला फुकटात पोरं मिळत होती, ती जाऊ नयेत. एवढी साधी गोष्ट, पण पाटील ती मोठ्या विचारवंताचा आव आणून सांगत.

मास्तरांनी ठरवलं, इथे पोपट करायचे नाहीत. पुस्तकात होतं क कमळाचा. मास्तरांनी विचारलं, कमळ कुणी बघितलंय? कुणीच नाही. माळावर कसलं आलंय कमळ! त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, ज्यानं त्यानं आधी आपलं नाव लिहायचं. आपलं नाव कोण विसरतं? नावातली अक्षरं ओळखीची झाली की त्याच अक्षरांतून दुसरे शब्द. सोप्यातून अवघड नाही, तर ओळखीच्यातून अनोळखी, अशी त्यांची रीत होती. फळ्यावर त्यांनी स्वतःचंही नाव लिहून ठेवलं होतं.

आणि इथेच सगळा घोटाळा झाला.

धनगराच्या घरी मूल जन्मलं की नाव ठेवायचं ते गेलेल्या माणसाचं. आजा गेला, नातू झाला, की आजा घरी आला. ही सगळी पोरं जन्मली होती मानमोडीच्या साथीनंतर. त्या तापानं वाडीतल्या घराघरातली माणसं नेली होती, आणि मग जी जी पोरं झाली त्यांना ती ती नावं मिळाली. मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा खरं तर मसणवट्याची हजेरी घेत होते, आणि त्यांना याचा पत्ताच नव्हता.

वाडीचा कारभारी सटवा. उंच, काळा, मोजकं बोलणारा. त्याची आई साथीत गेली, तिचं नाव सत्यभामा. पाठोपाठ मुलगी झाली, तीही सत्यभामा. सटवाची बायको भिवराबाई सून पडली, सासूचं नाव तोंडातून कसं काढणार? म्हणून ती पोटच्या पोरीला, सासूला म्हणायची तसंच, आत्याबाई म्हणायची. आत्याबाई, नाक पूस. आत्याबाई, कोकराला सोड. अशी ती आत्याबाई शाळेत सगळ्यांच्या पुढे होती. तिनं पहिल्यांदा आपलं नाव अख्खं लिहिलं तेव्हा मास्तर ओरडायचं विसरले.

बाकीच्यांनाही नावं जमली तेव्हा मास्तर इतके खूश झाले की त्यांनी पोरांना पाट्या घरी नेऊ दिल्या. घरच्यांना दाखवा म्हणाले. पोरं नाचत गेली.

दुसऱ्या दिवशी पोरं आली ती हात हलवत. एकाच्याही हातात पाटी नाही. मास्तरांनी विचारलं, पोरं खाली बघायला लागली. आवाज चढला तेव्हा सत्यभामा म्हणाली, पाटी देव्हाऱ्यात ठेवलीय, आई देत नाही.

झालं होतं ते असं. पोरीनं घरी जाऊन पाटी दाखवली आणि सांगितलं, हे सत्यभामा. सटवा बघतच राहिला. गेलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली छोटी आकृती असते ती. साथीनंतर वाडीत चांदी आणायची ऐपत कुणाची नव्हती, आणि मेलेली माणसं टाकावाचून ताटकळली होती. ही बोच घरोघरी होती. आणि आता पोरगी म्हणतेय, ही बघ आजी. तेवढ्यात पोरीनं काय करावं? आणखी चांगलं लिहून दाखवते म्हणून ती पाटीवर थुंकली आणि कोपरानं पुसायला लागली. शाळेत सगळीच पोरं अशी पुसत. भिवराबाईनं तिचा हात वरच्या वर धरला. सासूवर थुंकते कार्टी! पाटी काढून घेतली, हळदकुंकू वाहिलं, देव्हाऱ्यात ठेवली. शेजारणीनं बघितलं, तिनंही तसंच केलं. दिवेलागणीपर्यंत सरकारच्या सगळ्या पाट्यांचे टाक झाले होते.

मास्तर तडक उठले आणि घरोघर निघाले. तोंडात येतील त्या शिव्या जुळवत निघाले होते, पण वापरायच्या कुणावर? पहिल्याच दारात म्हातारा धुळाजी त्यांच्या पाया पडला. साथीत त्याची बायको रतनबाई गेली होती. तुमी तिला घरी आनलं मास्तर, म्हणाला आणि हातात नारळ दिला. दुसऱ्या दारात गूळ. तिसऱ्या दारात कुणी कोकरूच पुढे केलं. पाटीचं नाव काढलं की सगळे कानाला हात लावत. भांडायला गेलेल्या माणसाला लोक ओवाळत होते. नारळ काखेत मारून मास्तर परत आले आणि छपराच्या खांबाला लाथ मारून त्यांनी स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला.

मग त्यांनी जमिनीवर माती पसरली, बोटानं लिहा म्हणाले. पोरांनी लिहिलं. पण आता नावावरून हात फिरवायला कुणी तयार होईना, पाय पडेल म्हणून कुणी तिकडे फिरकेनाही. आयांनी बजावून पाठवलं होतं. छपराखालची सगळी माती नावांनी भरली आणि पोरं कडेला दाटीवाटीनं उभी राहिली. आता सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होईल? अक्षरं आली होती, शब्द येत होते, आणि लिहायला जागा नव्हती. त्यात साहेबांचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात मुआयना.

ही खबर खाली पोचायला काय वेळ लागतो? अर्जुनराव पाटील घोड्यावर बसून मुद्दाम वर आले. बिरोबाच्या पारावर माणसं बसली होती, सटवाही होता. पाटील घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. मास्तर, शाळेचं देऊळ केलं म्हणे तुम्ही, आता पुजारी कधी होताय, असं म्हणून खूप हसले. मग पारावरच्या माणसांकडे चाबकाची मूठ केली.

"अडाणी ते अडाणीच तुम्ही," ते म्हणाले. "अरे, पाटीवरचं नाव पुसलं म्हणून माणूस पुसतो काय?"

सटवानं मान वर करून एकदा पाटलांकडे बघितलं आणि परत खाली घातली. मास्तरांनी ती खाली जाणारी मान बघितली मात्र, त्यांना चावडीपुढची बापाची मान दिसली. पाटलांचं बोलणं खरं होतं, याचा तर त्यांना आणखीच संताप आला. खरं बोलणं असल्या माणसाच्या तोंडी शोभतं होय? शिकवायचं नाही, शिकू द्यायचं नाही, आणि वर घोड्यावर बसून अडाणी म्हणायचं!

पाटील गेले तसे मास्तर सटवाच्या मागोमाग त्याच्या घरात शिरले. वहाणा दारात काढायचं भान राहिलं, तेवढंच. देव्हारा म्हणजे भिंतीतली एक दिवळी. तिथे दिवा होता, भंडारा होता आणि मधोमध पाटी. तेलाचे ओघळ आले होते, कुंकवाचे थर बसले होते, आणि त्या सगळ्यात सत्यभामा हे नाव अजून दिसत होतं. मास्तरांनी पाटी उचलली आणि धोतराच्या सोग्यानं खसाखसा पुसली.

भिवराबाईनं किंकाळी फोडली. पोरगी दाराला चिकटली. सटवानं कोपऱ्यातली काठी घेतली, आणि हातात काठी घेऊन तो इतक्या हळू बोलला की मास्तरांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"मास्तर, कावून पुसलं? माय होती माही."

"होती तर आहे," मास्तर म्हणाले. "आत्ता परत येईल. नाही आली तर ती काठी माझ्या डोक्यात घाल."

त्यांनी पोरीला जवळ ओढलं, पाटी तिच्या मांडीवर ठेवली आणि लिही म्हणाले. पेन्सिल घसरायला लागली, तेलकट दगडावर अक्षर उमटेना. मास्तरांनी मग चुलीतली राख घेतली आणि सरकारी नोकर असूनही फतकल मारून पाटी घासायला बसले. तोंडानं सरकारचा, पाटलाचा, तेलाचा आणि बिरोबाचा उद्धार चालूच होता. पाटी कोरडी झाली. पोरीनं डोळे पुसले आणि लिहिलं.

सटवानं पाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. त्याला काय कळणार? पहिल्या वेळी पोरीनं सांगितलं म्हणून विश्वास ठेवला होता. आता त्याला वाटलं, मार चुकवायला दोघं मिळून काहीतरी रेघोट्या ओढतायत. हे तेच कशावरून, असं त्यानं विचारलं. आणि खरं सांगायचं तर एवढ्या गदारोळात अख्ख्या वाडीत विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता.

त्याच वेळी धुळाजीची नात रतन पाण्याची घागर घेऊन दारावरून चालली होती. घरात काय झालं हे तिला ठाऊकच नव्हतं. सटवानं तिला हाक मारली, पाटी समोर धरली आणि हे काय हाय म्हणून विचारलं. रतन मास्तरांच्या पुढच्या पोरांतली नव्हती, डोकं खाजवण्यातच तिचा वेळ जायचा. तिनं घागर कमरेवर सावरली, ओठ हलवले.

"सत्यभामा," ती म्हणाली.

"तुला कुनी सांगितलं?"

"पाटीनं," रतन म्हणाली आणि पाणी सांडतंय म्हणून निघून गेली.

सटवानं काठी बाजूला ठेवली आणि पाटी घेऊन खाली बसला. मग त्यानं काय केलं असेल? त्यानं स्वतःच्या हातानं नाव पुसलं आणि पोरीला परत लिहायला लावलं. मेंढरं घेऊन येणाऱ्या एका पोराला अडवून वाचायला लावलं. परत पुसलं. दिवस बुडेपर्यंत त्यानं आईला कितींदा घालवली आणि कितींदा आणली, त्याला गणती नाही. वाडी दाराशी गोळा झाली होती. शेवटी सटवा उठला आणि लोकांना एवढंच म्हणाला की म्हातारी दगडात नाही, पोरीच्या हातात आहे, पाट्या आणा.

पाट्या आल्या. सगळ्या तेलानं माखलेल्या, एकीवर तर तुपाचा थर. बायका ओढ्यावर बसल्या आणि भांडी घासावीत तशा राखेनं पाट्या घासायला लागल्या. भिवराबाई आपल्या पाटीवरून हात फिरवत बसली होती. मास्तर तिथून जात होते. ती उभी राहिली, पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मास्तर, सासूचं नाव घ्यायची मला बंदी हाय. लिव्हायची हाय का?"

मास्तरांपाशी प्रत्येक गोष्टीला उत्तर असे, आणि बहुतेक वेळा ते खेकसूनच असे. या वेळी मात्र लेकीला विचार, एवढंच पुटपुटून ते निघून गेले.

उरलेल्या दिवसांत त्यांनी पोरांना कामाला जुंपलं. शिंप्याचाच पोरगा, जुनं धोतर फाडून बसल्या बसल्या चिंध्यांच्या गाद्या शिवल्या आणि एकेका पाटीच्या चौकटीला दोरीनं बांधल्या. पाटी ओल्या चिंधीनं पुसायची. साहेबासमोर कुणी थुंकलं तर त्याची जीभ मी फळ्याला टांगीन, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की वाडीतली कोकरंसुद्धा थुंकायची थांबली असतील.

मुआयन्याच्या दिवशी मोहतमीम साहेब टांग्यातून आले. बरोबर मराठी जाणणारे पेशकार, म्हणजे त्यांचे कारकून, आणि मागून घोड्यावर अर्जुनराव पाटील. त्यांना कुणी बोलावलं होतं? कुणी नाही. आपल्या गावाला शाळा येणार, ती घेऊन जायलाच आल्यासारखे आले आणि साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. खुर्चीही त्यांनीच गड्याच्या डोक्यावरून आणवली होती. वाडीची माणसं मागे उभी होती.

साहेबांनी शब्द सांगितले, पेशकारांनी मराठीतून सांगितले. पाणी. बाभूळ. मेंढी. पोरांनी लिहिले. चुकले काही, पण पोरं अक्षर जुळवून लिहीत होती, पाठ केलेलं उतरवत नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मास्तर हात मागे बांधून उभे होते आणि हातांच्या मुठी आवळलेल्या होत्या. साहेब मान डोलवायला लागले तशी पाटलांनी खुर्ची पुढे सरकवली. हे सगळं घोकून घेतलंय, ते साहेबांना उर्दूत म्हणाले. परवापर्यंत पाट्या देव्हाऱ्यात होत्या, आणि ती सगळी गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली. धनगरं अशी आणि धनगरं तशी. मग म्हणाले, न शिकवलेला शब्द लिहायला सांगा की. माझंच नाव लिहून दाखवा म्हणावं.

घोकून! ज्या गोष्टीचा मास्तरांनी जन्मभर राग केला तीच यानं कपाळी मारली. बोलले असते तर नोकरी गेली असती, आणि नोकरीची पर्वा त्यांनी कधी केली नव्हती. पण शाळा गेली असती. म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिले.

साहेबांनी सत्यभामेकडे बोट केलं. "लिखो बेटी, अर्जुनराव पाटील."

पोरीनं ओठातल्या ओठात नाव म्हणून बघितलं. जोडाक्षरावर अडली. मग तिनं फळ्याकडे बघितलं, तिथे मास्तरांचं नाव होतं, त्यातला रफार बघून घेतला आणि पुढे लिहीत गेली. पाटी पेशकारांकडे गेली. त्यांनी चष्मा सावरून खड्या आवाजात वाचलं, "अर्जुनराव पाटील." साहेबांनी शाबास म्हणून पाटी परत दिली, आणि दुसरा शब्द सांगण्यासाठी हात वर केला.

दुसरा शब्द लिहायचा म्हणजे पहिला पुसायला हवा. सत्यभामेनं पाटी तोंडाशी धरली, अर्जुनराव पाटलांवर भरपूर थुंकली आणि कोपरानं रगडून रगडून पुसलं. चिंधी दोरीला लोंबत होती. तिला कुणी हातसुद्धा लावला नाही. विसरली म्हणावं, तर पोरगी विसरणाऱ्यातली नव्हती. आणि मुद्दाम म्हणावं, तर तिचा चेहरा धुतल्या तांदळासारखा होता.

पाटील ताडकन उठले, खुर्ची मागे पडली. माझ्या नावावर थुंकली, पाटलाच्या नावावर धनगराची पोरगी थुंकली, साहेब, ही बेअदबी आहे. चेहरा वांग्यासारखा झाला होता. साहेबांना आधी काय झालं तेच कळेना. पेशकारांनी समजावून सांगितलं. साहेबांनी स्वच्छ झालेल्या पाटीकडे बघितलं, मग पाटलांकडे.

"तख्ती तो पोंछनी ही पड़ती है, पाटील," ते म्हणाले.

आणि मागून सटवाचा आवाज आला. काठीवर हनुवटी टेकून उभा होता तो.

"पाटील, नाव पुसलं म्हंजी मानूस पुसतो काय?"

कुणी हसलं नाही. हसायची गरजच नव्हती. पाटलांनी मागे वळून बघितलं तेव्हा सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती आणि एकाचीही मान खाली नव्हती. मास्तरांनी ते बघितलं आणि पहिल्यांदा त्यांच्या मुठी सुटल्या. पाटील घोड्यावर चढले. पडलेली खुर्ची न्यायला संध्याकाळी गडी येऊन गेला.

शाळा वाडीला कायम झाली. पण सुखासुखी सोडतील ते पाटील कसले? तालुक्याला त्यांची ऊठबस होती, आणि मास्तरांच्या नावामागे भांडणांची जुनी शेपूट होतीच. महिन्याभरात हुकूम आला. पोरांना थोरामोठ्यांची बेअदबी शिकवतात म्हणून धर्मराज मास्तरांचा तबादला केजकडे. जागी दुसरा मास्तर येईल. शाळेला हात लावता येईना, मग शिकवणाऱ्याला लावला. मास्तरांनी तो हुकूम वाचून जी तोंडाची तोफ सुरू केली ती सामान बांधून होईपर्यंत थांबली नाही. सटवा म्हणाला, आम्ही तालुक्याला जाऊन बसतो. मास्तर त्याच्यावरही खेकसले. माझ्यासाठी बसू नका, म्हणाले, नवा मास्तर पोपट करायला लागला तर त्याला हाकलायला बसा.

निघायच्या दिवशी सगळी वाडी छपराशी जमली. भिवराबाई पुढे आली. तिच्या हातात पाटी होती, आणि पाटीला हळदकुंकू लावलेलं होतं. मधोमध वेडंवाकडं, एक अक्षर डोंगरावर आणि एक दरीत, असं लिहिलेलं होतं, धर्मराज मास्तर. पोरीचं अक्षर मास्तर ओळखत होते. हे पोरीचं नव्हतं. त्यांनी भिवराबाईकडे बघितलं. तिच्या बोटांना पेन्सिलीची पांढरी भुकटी लागली होती. तुमची पाटी आमी देव्हाऱ्यात ठेवनार, ती म्हणाली.

मास्तरांचं लांब नाक लाल झालं. बघणाऱ्यांना वाटलं, मास्तर आता रडतात.

"मी मेलो काय?" मास्तर गरजले. "टाक करता काय माझा? इतकं घसा फोडून सांगितलं ते पाण्यात गेलं?"

त्यांनी पाटी ओढून घेतली, तिच्यावर थुंकले, आपल्या नावावरून धोतराचा सोगा फिरवला आणि हळदकुंकवासकट सगळं साफ पुसून टाकलं. मग पाटी भिवराबाईच्या हातात दिली.

"आता दुसरं काहीतरी लिही," ते म्हणाले.

भिवराबाई तिथेच मातीत बसली. लेकीनं पेन्सिल दिली. बाकीची माणसं मास्तरांचं गाठोडं गाडीत ठेवायला गेली, बैल जुंपले गेले, गाडीवान हाका मारायला लागला, तरी मास्तर कमरेवर हात ठेवून तिच्या डोक्याशी उभे होते. पहिलं अक्षर चुकलं. मास्तर ओरडले. तिनं पुसलं, परत काढलं. दुसऱ्या अक्षराला पोरगी सांगायला गेली तर मास्तर तिच्यावरही ओरडले. भिवराबाईनं पदर दातात धरला आणि पूर्ण करूनच पाटी वर केली. जे नाव तिनं लग्न झाल्यापासून तोंडातून काढलं नव्हतं, ते पाटीवर होतं. सत्यभामा.

मास्तरांनी ते वाचलं, मोठ्यानं वाचलं, आणि गाडीत जाऊन बसले.